बारा लाख साठ हजारांचे यंत्र, तीन नियम आणि एक निवेदन

हे प्रकरण कोणा एका विभागाचे नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या विज्ञान संस्थांत केंद्राच्या अनुदानावर चालणाऱ्या प्रकल्पांना ज्या अडचणी येतात, त्या एका प्रकल्पात बांधून इथे मांडल्या आहेत. म्हणून संस्था आणि माणसे निनावी आहेत, आणि प्रकल्पाच्या रकमा हिशेबासाठी धरलेल्या आहेत. नियम, त्यांच्या तारखा आणि मर्यादा मात्र खऱ्या आहेत.

प्रकल्प काय होता

सोलापुरी टॉवेल सुताचा, आणि सुताला लागणारा रंग बहुतेक वेळा रिअॅक्टिव्ह जातीचा. हा रंग धाग्याला पूर्ण कधीच बसत नाही. न बसलेला रंग मिठासकट धुण्याच्या पाण्यात उतरतो आणि रंगशाळेच्या नाल्यातून बाहेर पडतो. रसायनशास्त्राच्या एका विभागाने झिंक ऑक्साइडच्या पावडरीत दुसऱ्या धातूचा अंश मिसळून, सोलापूरच्या उन्हातच हा रंग तोडता येतो का, हे तपासायचा प्रस्ताव केंद्राच्या निधी संस्थेकडे पाठवला. मार्च २०२२ मध्ये तो मंजूर झाला. मुदत तीन वर्षे, एक संशोधक विद्यार्थी, रसायने व काचसामानासाठी वर्षाला ३,००,००० रुपये आणि एक यूव्ही-व्हिजिबल स्पेक्ट्रोफोटोमीटर.

या यंत्राचा एक जोडभाग सगळ्या प्रकरणाच्या मुळाशी आहे. साधा स्पेक्ट्रोफोटोमीटर पाण्यातून आरपार गेलेला प्रकाश मोजतो. रंगीत पाणी किती फिके झाले हे त्यावर कळते. पावडरीतून मात्र प्रकाश आरपार जात नाही, विखुरतो. तो विखुरलेला प्रकाश गोळा करायला आतून पांढरा लेप दिलेला एक पोकळ गोल लागतो, त्याला इंटिग्रेटिंग स्फिअर म्हणतात. तो नसेल तर पावडर दृश्य प्रकाश शोषते की फक्त अतिनील, हे ठरवता येत नाही. उन्हात अतिनील किरणांचा वाटा थोडा असतो, त्यामुळे प्रकल्पाचा सगळा प्रश्न इथेच येऊन थांबतो.

गोलासकट यंत्राचे कोटेशन होते १२,००,००० रुपये अधिक कर. प्रस्ताव लिहिला तेव्हा विद्यापीठे व सार्वजनिक संशोधन संस्थांना वैज्ञानिक उपकरणांवर ५ टक्के जीएसटी होता. २०१७ च्या ४५ आणि ४७ क्रमांकाच्या अधिसूचनांनी ही सवलत दिली होती. संस्थाप्रमुखाचे 'फक्त संशोधनासाठी' असे प्रमाणपत्र पुरवठादाराला दिले की ती मिळे. म्हणून मंजुरी १२,६०,००० रुपयांची झाली.

कुठे अडले

जून २०२२ च्या अखेरीस चंदीगडला जीएसटी परिषदेची ४७ वी बैठक झाली आणि १८ जुलै २०२२ पासून ही सवलत गेली. त्याच यंत्राला आता १८ टक्के, म्हणजे १४,१६,००० रुपये. तूट १,५६,००० रुपयांची.

ही तूट रसायनांच्या पैशातून भरून काढू, असे मुख्य संशोधकांना साहजिकच वाटते. तसे करता येत नाही. यंत्राचा पैसा भांडवली शीर्षाखाली (खर्चाच्या सदराखाली) येतो, रसायने आणि प्रवासाचा सर्वसाधारण शीर्षाखाली, आणि दोन्हींची मंजुरी वेगळी असते. सर्वसाधारण शीर्षातला रुपया भांडवली शीर्षात न्यायचा तर निधी संस्थेची लेखी परवानगी लागते. शिवाय सवलत रसायनांसारख्या वापरून संपणाऱ्या साहित्यालाही होती, त्यामुळे तिकडेही चिमटा बसला. ३,००,००० रुपयांत ५ टक्के कर धरून २,८५,७१४ रुपयांचा माल येत होता, १८ टक्क्यांनी २,५४,२३७ रुपयांचा येतो. वर्षाला ३१,४७७ रुपयांची रसायने कमी.

इथे एक गंमत आहे. पुरवठादार महाराष्ट्रातला असेल तर १८ पैकी ९ टक्के केंद्राकडे आणि ९ टक्के राज्याकडे जातात. केंद्राने एका हाताने दिलेल्या संशोधन अनुदानातला काही भाग कराच्या वाटेने पुन्हा दोन्ही तिजोऱ्यांत जातो.

दुसरी अडचण खरेदीची. मंजुरीपत्रात एक ओळ ठरलेली असते: खरेदी केंद्राच्या सामान्य वित्तीय नियमांप्रमाणे, म्हणजे जीएफआर २०१७ प्रमाणे करावी. त्यातला नियम १४९ सांगतो की जी वस्तू जेम या सरकारी खरेदीच्या ऑनलाइन बाजारावर आहे ती तिथूनच घ्या. जेमवर स्पेक्ट्रोफोटोमीटर आहेत, भरपूर आहेत. पण तयार वर्गवारीत तपशील ठरावीक खान्यांत भरायचे असतात आणि गोलाची अट त्यात नीट बसत नाही. अट न टाकता बोली काढली की सर्वांत कमी दराचे यंत्र येते, आणि ते पाणी मोजते, पावडर मोजत नाही. अट टाकून वेगळी बोली काढली तर 'मेक इन इंडिया' प्राधान्य आदेश आडवा येतो. स्थानिक मूल्यवर्धन २० टक्क्यांहून कमी असलेला पुरवठादार देशांतर्गत निविदेत बसत नाही, आणि अशा यंत्रांचे भारतातले विक्रेते बहुतेक आयात मालच विकतात. जागतिक निविदा काढायची तर मे २०२० पासून २०० कोटींपर्यंत ती मुळात बंद होती, खास परवानगीशिवाय निघत नसे. बारा लाखांच्या यंत्रासाठी ती परवानगी मागायची कोणी आणि कोणाकडे, हे जिल्ह्याच्या ठिकाणी कोणालाच नीट माहीत नसे.

तिसरी अडचण ३१ मार्चची. २०२२-२३ पासून केंद्रीय योजनांचा पैसा संस्थेच्या खात्यात आगाऊ येऊन पडत नाही. संस्थेने झिरो बॅलन्स खाते उघडायचे आणि वरून ठरलेल्या खर्चमर्यादेत बिले काढायची. या ट्रेझरी सिंगल अकाउंट पद्धतीत न वापरलेली मर्यादा ३१ मार्चला संपते. सरकारच्या दृष्टीने यात तथ्य आहे, कारण पूर्वी देशभरच्या संस्थांच्या खात्यांत अखर्चित पैसा पडून राहायचा. पण यंत्राची ऑर्डर डिसेंबरात गेली आणि माल एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पोचला, तर बिल तयार असते आणि पैसे गेलेले असतात. नव्या वर्षाची मर्यादा उशिरा आली की विद्यार्थ्याची फेलोशिपही अडते.

आणि तीही याच काळात वाढली. जून २०२३ च्या आदेशाने कनिष्ठ फेलोची, म्हणजे प्रकल्पातल्या संशोधक विद्यार्थ्याची, महिन्याची रक्कम ३१,००० वरून ३७,००० झाली, १ जानेवारी २०२३ पासून लागू. त्यावर घरभाडे भत्ता मिळतो. सोलापूर त्याच्या 'वाय' वर्गात येते, तेव्हाचा दर १८ टक्के. म्हणजे महिन्याला ३६,५८० ऐवजी ४३,६६० रुपये, आणि जानेवारी ते जून या सहा महिन्यांचा फरक ४२,४८०. आदेश निघाला तरी मंजुरीपत्रातला मनुष्यबळाचा आकडा जुनाच राहतो. तो सुधारून मिळेपर्यंत लेखा विभाग जुन्याच दराने पैसे देतो, आणि त्यात त्याची चूक नसते.

यंत्राचे शेवटी काय झाले ते इथेच सांगून टाकतो. गोल वगळून साधे यंत्र घेतले. पावडरीच्या लहान बाटल्या लेबल लावून बाहेरच्या प्रयोगशाळेत पाठवल्या जाऊ लागल्या. अंश थोडा बदलून नवी पावडर केली की तिचा निकाल येईपर्यंत थांबायचे. एका दिवसात दोनदा चुकून शिकण्याची सोय गेली.

पहिले निवेदन का पडले

जिल्ह्यातल्या निरनिराळ्या संस्थांच्या बेचाळीस प्राध्यापकांच्या सह्यांचे पत्र निधी संस्थेच्या सचिवांना गेले. त्यातला मधला परिच्छेद असा:

'संशोधनावर अन्यायकारक जीएसटी लादण्यात आला असून खरेदीचे जाचक नियम, निधीचा विलंब व फेलोशिपमधील दिरंगाई यामुळे ग्रामीण भागातील संशोधन धोक्यात आले आहे. तरी जीएसटी पूर्णपणे रद्द करून संशोधकांना न्याय द्यावा.'

भावना खरी होती. पण पत्र ज्याच्या टेबलावर गेले तो यातले काहीच करू शकत नव्हता. कराचा दर राज्यघटनेच्या अनुच्छेद २७९-अ खालची परिषद ठरवते, तिथे केंद्राच्या मताचे वजन एक तृतीयांश आणि सर्व राज्यांचे मिळून दोन तृतीयांश, निर्णयाला तीन चतुर्थांश लागतात. खरेदीचे नियम आणि निधी वाहण्याची पद्धत वित्त मंत्रालयाच्या व्यय विभागाची. जेम वाणिज्य मंत्रालयाच्या अखत्यारीतले. फेलोशिपचा आदेश विज्ञान व तंत्रज्ञान विभागाचा. निधी संस्था फक्त अंमल करते. चार घरांची तक्रार पाचव्या घरी दिली, तर ती फाइल होते, त्यापलीकडे तिचे काही होत नाही.

दुसरी चूक मागणीत. 'पूर्णपणे रद्द' म्हणजे करमाफी, आणि माफी ऐकायला गोड असली तरी पुरवठादाराला ती नको असते. माफ मालावर त्याला आधी भरलेल्या कराचे क्रेडिट घेता येत नाही, मग तो ती रक्कम मूळ किमतीत मिसळतो. मागायची ती ५ टक्क्यांची सवलत, जी होती आणि गेली. करप्रशासनाला जुनी अधिसूचना पुन्हा आणणे नवी माफी देण्यापेक्षा सोपे जाते, कारण शब्द तयार असतात.

तिसरी चूक सह्यांची. बेचाळीसपैकी बहुतेकांकडे त्या वेळी चालू प्रकल्पच नव्हता. वाचणाऱ्या अवर सचिवाला सह्यांची संख्या दिसते, नुकसान दिसत नाही. मंजुरी क्रमांक, शीर्ष आणि तूट लिहिलेल्या पाच सह्या असत्या तर त्याला वर टिप्पणी लिहायला काही हाती लागले असते.

पत्राची बातमी स्थानिक पानावर आली तेव्हा मथळा संस्थेच्या निष्काळजीपणाचा झाला. संस्थेने खुलासा काढला, आणि ज्या कुलसचिव कार्यालयाची मदत पुढच्या पत्राला हवी होती तेच बचावाच्या पवित्र्यात गेले. पत्रकाराला दोष देता येत नाही. त्याला दिलेल्या कागदात अधिसूचनेचा क्रमांक नव्हता, 'निधी परत गेला' एवढेच होते.

बोलण्याआधी: कोणाला काय बोलता येते

केंद्रीय संस्थेतला शास्त्रज्ञ १९६४ च्या केंद्रीय वर्तणूक नियमांत किंवा त्याच धर्तीच्या संस्थेच्या नियमांत येतो, आणि सरकारच्या धोरणावर जाहीर प्रतिकूल टीका त्यात निषिद्ध आहे. शासकीय महाविद्यालयातल्यांना महाराष्ट्र नागरी सेवा वर्तणूक नियम १९७९. विद्यापीठ आणि अनुदानित महाविद्यालयांतले शिक्षक आपापल्या परिनियमांनी आणि सेवाशर्तींनी बांधलेले, तिथे मोकळीक तुलनेने जास्त. स्वतःच्या सेवेच्या बाबीसाठी राजकीय वजन आणणे या नियमांत बसत नाही. म्हणून फेलोशिपच्या थकबाकीचे पत्र विद्यार्थ्याने विभागप्रमुखांमार्फतच द्यावे, खासदारांकडे नेऊ नये. कराचा आणि खरेदीचा प्रश्न कोणा एकाच्या सेवेचा नाही, तो शिक्षक संघटनेला, निवृत्त प्राध्यापकांना किंवा अधिसभा सदस्याला मोकळेपणाने मांडता येतो.

'शास्त्रज्ञांनी बोलून काय होते' असे म्हणणाऱ्यांनी २०२१ आठवावे. १५ जानेवारीला एक आदेश निघाला. देशाच्या अंतर्गत बाबींशी संबंधित विषयांवर आंतरराष्ट्रीय ऑनलाइन परिषद घ्यायची तर परराष्ट्र मंत्रालयाची पूर्वपरवानगी, असे त्यात होते. विज्ञान अकादमींच्या अध्यक्षांनी मंत्र्यांना लिहिले, आणि फेब्रुवारीत आदेश मागे घेतला गेला. उलट ९ ऑगस्ट २०१७ च्या देशव्यापी विज्ञान मोर्चात जीडीपीच्या ३ टक्के खर्च विज्ञानावर करा, ही मागणी होती. २०२०-२१ मध्ये संशोधनावरचा एकूण खर्च ०.६४ टक्के होता. मोर्चा व्यर्थ होता असे आम्ही म्हणत नाही. पण एक तारीख आणि एक आदेश घेऊन गेलेली मागणी हलते, हे दिसते.

दुसरे निवेदन

या वेळी एकाऐवजी तीन पत्रे निघाली, प्रत्येकी एक पान.

कराचे पत्र केंद्रीय वित्तमंत्र्यांना आणि राज्याच्या अर्थमंत्र्यांना, कारण परिषदेत राज्यालाही मत असते. राज्याकडे जायचा रस्ता सोलापूरहून जवळचा आहे आणि संशोधक तो बहुधा विसरतात. मुख्य परिच्छेद असा होता:

'अधिसूचना ४५/२०१७ व ४७/२०१७ खालील ५ टक्के दर १८ जुलै २०२२ पासून रद्द झाला. त्यापूर्वी मंजूर झालेल्या प्रकल्पांच्या रकमा ५ टक्के धरून निश्चित आहेत. सोबतच्या पाच प्रकल्पांत केवळ या फरकामुळे उपकरणात कपात करावी लागली, तपशील परिशिष्टात. विनंती: (१) विद्यापीठे व सार्वजनिक संशोधन संस्थांसाठी सदर दर पूर्ववत करावा, अथवा (२) १८ जुलै २०२२ पूर्वी मंजूर प्रकल्पांना फरकाची रक्कम भांडवली शीर्षाखाली देण्याची निधी संस्थांना मुभा द्यावी.'

दुसरी विनंती मुद्दाम छोटी ठेवली आहे. मोठी नाकारायची असेल, तर अधिकाऱ्याला देता येण्याजोगे काही समोर असावे.

परिशिष्टात प्रत्येक प्रकल्पाची एक ओळ: मंजुरी क्रमांक व तारीख, यंत्राची मूळ किंमत, ५ व १८ टक्क्यांनी एकूण, तूट, आणि शेवटच्या रकान्यात काय वगळले. 'इंटिग्रेटिंग स्फिअर वगळला, पावडर मापन बाहेरून.' एवढेच. विशेषणे नाहीत.

खरेदीच्या पत्राला जेमवरच्या शोधाची दिनांकासह चित्रे आणि जेमचाच उपलब्धता अहवाल जोडला. 'जेमवर मिळत नाही' हे वाक्य अहवालाशिवाय कोणी मानत नाही. गोलाची अट का लागते हे तीन ओळींत, विज्ञान न शिकलेल्याला कळेल असे लिहिले. हे लिहायला सर्वांत जास्त वेळ लागला.

तिसरे पत्र ३१ मार्चचे. त्यात पद्धत बदला असे म्हटलेच नाही. ऑर्डर दिलेली आणि मालाची वाट पाहत असलेली रक्कम नव्या वर्षाच्या पहिल्या मर्यादेत आपोआप धरावी, आणि फेलोशिपपुरती मर्यादा एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात द्यावी, इतकेच मागितले.

तिन्ही पत्रे कुलसचिवांमार्फत, जावक क्रमांकासह गेली, प्रत हातात, पोच जपून. केंद्राच्या तक्रार पोर्टलवर आणि राज्याच्या 'आपले सरकार'वर तीच पत्रे चढवली, म्हणजे नोंदणी क्रमांक मिळतो. महिनाभराने माहिती अधिकारात दहा रुपयांचा अर्ज करून पत्रावर काय टिप्पणी झाली ते विचारले. तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते, त्यामुळे कपाटातली फाइल निदान एकदा बाहेर येते.

खासदारांकडे जाताना जिल्ह्यातल्यांचा हमखास घोळ होतो तो मतदारसंघांचा. सोलापूर जिल्हा लोकसभेला तीन मतदारसंघांत विभागला आहे. पंढरपूर, मंगळवेढा, अक्कलकोट सोलापुरात, सांगोला, करमाळा, माळशिरस माढ्यात, आणि बार्शी धाराशिवमध्ये, म्हणजे जुन्या उस्मानाबादमध्ये. बार्शीच्या महाविद्यालयाने सोलापूरच्या खासदारांना दिलेले पत्र फुकट जाते. खासदारांना भाषण नको, तयार अतारांकित प्रश्न द्यावा: १८ जुलै २०२२ पूर्वी मंजूर किती प्रकल्पांत करवाढीमुळे उपकरणखर्च वाढला, आणि त्यासाठी पूरक निधी दिला का? लेखी उत्तर सभागृहाच्या पटलावर येते आणि पुढच्या पत्राला तेच जोडता येते.

मधला गैरसमज

९ सप्टेंबर २०२४ ला परिषदेच्या ५४ व्या बैठकीत संशोधन अनुदानावरचा जीएसटी माफ झाला, अशी बातमी आली. पेढे वाटायचेच बाकी होते. काहींनी पुरवठादाराचे १८ टक्क्यांचे बिल परतही पाठवले. ती माफी वेगळ्या भांडणातली होती. संस्थेला मिळालेले अनुदान म्हणजे संशोधनसेवेचा मोबदला, असे धरून आयआयटी दिल्लीसह काही संस्थांना कराच्या नोटिसा गेल्या होत्या, आणि महिन्याभरातच परिषदेने तो प्रश्न मिटवला. अनुदान येताना लागणारा कर गेला, अनुदानातून खरेदी करताना लागणारा राहिला. परत पाठवलेले बिल पुन्हा येईपर्यंत पुरवठादाराच्या कोटेशनची मुदत संपली, हे वेगळेच.

५ जून २०२५ नंतर

व्यय विभागाने त्या दिवशी वैज्ञानिक मंत्रालयांसाठी खरेदीचे नियम सैल केले. कोटेशनशिवाय खरेदी १ लाखावरून २ लाखांवर, खरेदी समितीची मर्यादा १० लाखांवरून २५ लाखांवर गेली. खास संशोधन उपकरण जेमबाहेरून घेण्याचा आणि २०० कोटींपर्यंतच्या जागतिक निविदेला मान्यता देण्याचा अधिकार संचालक व कुलगुरूंना मिळाला. देशभरातून वर्षानुवर्षे हेच मागितले जात होते, सोलापूरच्या पत्राने हे झाले असे म्हणणे हास्यास्पद ठरेल. आपला प्रकल्प मार्च २०२५ मध्येच संपला होता. १४,१६,००० रुपयांचे तेच यंत्र दोन-अडीच महिन्यांनी समितीच्या सहीने घेता आले असते.

नवा प्रकल्प आल्यावर खरी लढाई आपल्याच इमारतीत असते, हे तेव्हा कळते. आदेशाचे शब्द केंद्रीय मंत्रालयांच्या चौकटीतले. राज्याच्या विद्यापीठात खरेदी चालते ती विद्यापीठाच्या लेखा संहितेने, आणि संस्थांना राज्याच्या १ डिसेंबर २०१६ च्या खरेदी धोरणाचीही सवय. लेखा विभागाचा प्रश्न रास्त असतो: 'सर, हा आदेश आपल्याला लागू आहे असं लिहिलेलं दाखवा, मी आजच टिप्पणी टाकतो.' लेखापरीक्षणात उत्तर त्यालाच द्यावे लागते.

म्हणून दोन कागद आधी हातात ठेवावेत. एक, निधी संस्थेला विचारून घेतलेले लेखी स्पष्टीकरण, की मंजुरीपत्रातली जीएफआरची अट ५ जून २०२५ च्या सुधारणेसह वाचावी. दुसरा, व्यवस्थापन परिषदेचा ठराव, की केंद्राच्या निधीतल्या प्रकल्पांना त्या निधीचे खरेदी नियम लागू राहतील. दोन्ही मिळायला एक तिमाही सहज जाते, तेव्हा मंजुरीपत्र आल्याच्या आठवड्यातच मागावेत. कोटेशन कर वेगळा दाखवून आणि १८ टक्के धरूनच घ्यावे. गोलासारखा जोडभाग यंत्राच्या तपशिलातच लिहावा, स्वतंत्र ओळीत टाकला की तूट पडल्यावर पहिली कात्री त्यालाच लागते. आयात यंत्राची ऑर्डर ऑक्टोबरच्या पुढे नेऊ नये. डिसेंबरात दिलेली ऑर्डर मार्चअखेर मुंबईच्या गोदीत अडकली, तर बिल तयार आणि मर्यादा संपलेली, हा पेच पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो.